गाणं संपल्यानंतरची पट्टी

"पहिला खोका मी फोडणार."

टेम्पोवाल्याच्या देखतच मी सांगून टाकलं, म्हणजे नंतर वाद नको. मुबीन खोका पोटाशी धरून शेडच्या दारात अडकला होता. मान वळवून म्हणाला, "फोड की बाई. तुझ्या मामानं आहेर धाडलाय असं समज."

सहा खोके होते, एकेकात पन्नास रेकॉर्ड. एप्रिलमधला शनिवार, सकाळचे साडेनऊ, आणि इचलकरंजीचं ऊन तेवढ्यातच डोक्यावर चढलेलं. सुमेधदादा आतनं ओरडत होता की आधी सावलीत घ्या, नाहीतर तीनशे पापड होतील आणि उद्या तळून विकावे लागतील. मुबीन आणि टेम्पोवाला पळापळ करत होते. मी काहीच उचललं नाही. माझा उजवा हात जीन्सच्या खिशात होता आणि हातात कंपास होता. शाळेतला, वर्तुळ काढायचा, टोकदार.

मी तेव्हा सोळा वर्षांची होते. त्या तीनशे रेकॉर्डवर मी एक घाण करून ठेवली होती, आणि कुणी बघायच्या आत मला ती खोडायची होती.

आता हे नीट सांगायचं तर चार महिने मागं जायला लागतं.

सुमेधदादाच्या वडिलांचे चोवीस माग होते. एक सोडून सगळे भंगारात गेले, शेड राहिली. दादा पुण्यात कुठल्याशा स्टुडिओत होता, तो परत आला आणि त्यानं त्या शेडमध्ये रेकॉर्ड कंपनी काढली. नाव ठेवलं धोटा रेकॉर्ड्स. मागावर दोऱ्याची कांडी पोटात घेऊन इकडून तिकडं धावतो तो लाकडी धोटा. गल्लीतली माणसं विचारायची, ह्यात कापड कुठं निघतं? दादा म्हणायचा, निघतं की, टी-शर्ट निघतात.

जे संगीत निघायचं त्याला डान्स-पंक म्हणतात. मला विचाराल तर बारा माग एकदम चालू करा, त्यात कुणालातरी भांडायला लावा, आणि तरीसुद्धा पाय थांबत नसतील तर ते डान्स-पंक. मुबीनचा बँड होता, 'तिसरी पाळी'. तो ड्रम वाजवायचा. त्याआधी चार वर्षं त्यानं खरीच तिसरी पाळी केली होती मागावर, त्यामुळं त्याचा हात कधी चुकत नसे. बाकीचे दोघं सांगलीचे, ते रविवारी यायचे.

मी तिथं टी-शर्ट छापायला गेले होते. नववीत शाळा सोडली होती. कारण विचारलं की मी सांगायचे, डोकं चालत नव्हतं. खरं कारण असं की शाळेच्या वार्षिक अंकावर माझं चित्र छापलं आणि आत लिहिलं, 'मुखपृष्ठ: कला विभाग.' सरांना विचारलं तर म्हणाले, अगं कला विभाग म्हणजे तूच की. मी त्यांच्या टेबलावरचा अंकांचा गठ्ठा उचलला आणि खिडकीतनं खाली टाकला. पालकांना घेऊन ये म्हणाले. मी स्वतःच परत गेले नाही. पप्पा जॉबर आहेत, बिघडलेले माग दुरुस्त करतात. ते दोन दिवस बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी म्हणाले, मग हाताला काम तरी लाव. शाळेतलं सगळं सामान धाकट्या भावाला गेलं. कंपास तेवढा मी ठेवला.

दादाकडं माझं बरं चाललं होतं. छपाईची चौकट धरायची, वरनं शाई ओतायची, रबराच्या पट्टीनं एका दमात ओढायची. पट्टी मध्ये थांबली की शर्ट वाया. माझा एकही वाया जायचा नाही. चित्रंही माझीच असायची. 'तिसरी पाळी'ची पहिली मोठी रेकॉर्ड निघणार ठरलं, 'कांडी संपली' नावाची, तेव्हा कव्हरचं चित्र मीच काढलं: दातानं दोरा तोडणारी बाई, नुसतं तोंड आणि मूठ, काळ्या आणि नारिंगी रंगात. ती माझी आत्या आहे. तिला अजून सांगितलेलं नाही. दादा ते चित्र पाच मिनिटं बघत बसला आणि म्हणाला, हेच कव्हर, हेच शर्टावर, हेच पिशवीवर. मी तीनशे कव्हरं हातानं छापली. शर्ट आणि मागाच्या उरलेल्या कापडाच्या पिशव्या वेगळ्या.

आता रेकॉर्डवरच्या त्या पट्टीचं सांगते. रेकॉर्डवर शेवटचं गाणं संपतं तिथनं मधल्या गोल कागदापर्यंत एक गुळगुळीत पट्टी असते, बोटभर रुंद. तिथं गाणं नसतं, सुई नुसती फिरत आत जाते. कारखान्यात मूळ तबकडी कापणारा माणूस त्या पट्टीवर सुईनं नंबर कोरतो. नंबराशेजारी दोन शब्द लिहायची खोड छोट्या कंपन्यांना फार जुनी आहे. दादा त्याच्यासाठी वेडा होता. रेकॉर्ड घेणारा माणूस ती उजेडात तिरकी धरतो तेव्हाच ते दिसतं. दादा म्हणायचा, कव्हर सगळ्यांसाठी, ही पट्टी फक्त वाकून बघणाऱ्यासाठी.

आमची रेकॉर्ड दाबायला परदेशातल्या कारखान्यात जाणार होती. तिथल्या माणसाला मराठी येत नाही. मग आम्ही अक्षरं चित्रासारखी मोठी काढून पाठवायची आणि त्यानं ती जशीच्या तशी कोरायची, अर्थ न कळता. दादाचं अक्षर म्हणजे चिखलातनं कोंबडी गेल्यासारखं. म्हणून ते काम माझ्याकडं आलं. पहिल्या बाजूला लिहायचं होतं, 'कांडी बदला.' दुसऱ्या बाजूला, 'पाळी संपली. घरी जा.'

डिसेंबरचा मंगळवार होता. दादानं कारखान्याला ईमेल लिहून ठेवलं, मला सांगितलं की दोन्ही चित्रं काढ, फोटो काढून ह्याला जोड आणि पाठवून दे, आणि तो बँकेत गेला. मी पहिली बाजू काढली. मग लॅपटॉप सरकवताना दुसरी एक फाईल उघडी दिसली. रेकॉर्डच्या आत घालायचा कागद होता, गाणी आणि नावं असलेला. मी नावं वाचायला लागले. वाजवणाऱ्यांची नावं. रेकॉर्डिंग कुणी केलं, कुठं केलं. आभारांत मुबीनच्या आईचं नाव. अगदी खाली, 'चहा: बाळू.' आणि त्याच्या वर एक ओळ. 'मुखपृष्ठ: धोटा रेकॉर्ड्स.'

मी ती ओळ तीनदा वाचली. मला त्या सरांचं टेबल दिसायला लागलं.

माझा राग असा आहे की तो आला की हात गार पडतात आणि एकदम स्थिर होतात. पप्पा म्हणतात, हिला रागात सुईत दोरा ओवायला द्या. मी दुसऱ्या बाजूचा कागद घेतला आणि इतकं सुंदर अक्षर माझ्या हातनं त्याआधी कधी आलं नव्हतं. लिहिलं, 'कव्हर माझं. सुमेध चोर.'

फोटो काढला, जोडला, पाठवून दिला. कागद फाडून खिशात घातला आणि घरी निघून गेले.

आठ दिवस मी तिकडं फिरकले नाही. ताप आहे म्हणून सांगितलं. मला वाटलं होतं की कुणीतरी येईल, आरडाओरडा होईल, मग मी पण बोलेन, आणि एकदाचं संपेल. कुणी आलं नाही. नवव्या दिवशी मुबीन आला, स्कूटरवरनं, आमच्या इथल्या छापखान्यातनं. आत घालायच्या कागदाचा नमुना घेऊन.

"दादा म्हणाला, तुला दाखवून घे," तो म्हणाला. "चुका तुला दिसतात म्हणे. मला तर सगळं बरोबरच वाटतंय."

मी कागद उघडला. सगळ्यात वर, बँडच्या नावाच्याही वर, एक ओळ होती. 'चित्र आणि छपाई: शिवलीला मगदूम.' म्हणजे मी.

मुबीन म्हणाला, काय गं, ताप परत चढला काय?

मी त्याला पाणी आणायच्या निमित्तानं आत गेले आणि चुलीपाशी उभी राहिले. मला वाटलं, मी बघितला तो कागद अर्धवट होता. दादा नाव घालणारच होता, त्याचं व्हायचं होतं. मी थांबले असते दोन दिवस, नुसतं विचारलं असतं. आणि आता कुठल्यातरी लांबच्या देशात एक माणूस, ज्याला एक अक्षर कळत नाही, तो माझं सुंदर अक्षर मन लावून तबकडीवर कोरत बसला असणार. मूळ तबकडीवर जे कोरलं ते तीनशेच्या तीनशे रेकॉर्डवर उमटतं. पन्नास वर्षांनी कुणी बघितलं तरी तिथं असणार, सुमेध चोर.

मी परत कामावर गेले. दादा म्हणाला, बरी झालीस का. मी म्हटलं, झाले. विषय संपला. माझी सांगायची हिंमत झाली नाही हे खरं. पण नुसती भीती नव्हती. मी आयुष्यात कुणाला 'माझं चुकलं' म्हटलं नव्हतं. ते तोंडातनं कसं बाहेर काढतात हेच मला माहीत नव्हतं.

एकदा आडनं विचारून बघितलं. पिशव्यांना इस्त्री करत होते, दादा बिल्ल्यांना पिना लावत होता. मी म्हटलं, त्या पट्टीवरचं समज काही बदलायचं असेल, तर होतं का?

"एकदा कापली की कापली," दादा म्हणाला. "नवी कापायची तर सगळं पहिल्यापासनं. आपल्याला झेपायचं नाही." मग पिन लावत लावतच म्हणाला, "का गं? काही चुकलंय का तुझं?"

"नाही. सहज."

"बरं," तो म्हणाला.

फेब्रुवारीत नमुन्याच्या पाच रेकॉर्ड आल्या. तीनशे काढायच्या आधी कारखाना अशा पाच पाठवतो, मध्ये कोरा पांढरा कागद असलेल्या. ऐकून आवाज बरोबर आहे म्हणून कळवायचं, मग बाकीच्या निघतात. दादानं आम्हा सगळ्यांना बोलावलं आणि जमिनीवर बसवलं. त्या पाचांना त्याच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही असा त्याचा नियम होता. शिवाय डोळे मिटायचे. बघत बसलं की कान अर्धे होतात, म्हणायचा.

सगळ्यांनी डोळे मिटले. मी मिटले नाहीत. माझी नजर त्या पट्टीवर. पहिली बाजू संपली, सुई आत गेली, आणि खिडकीच्या उजेडात पट्टीवर काहीतरी चमकून गेलं. एक तुकडा. 'कांडी बदला.' बरोबर. दुसरी बाजू लागली. शेवटचं गाणं इतकं जोरात होतं की मुबीन डोळे मिटूनच मांडी बडवत होता. ते संपलं. प्रत्येक फेऱ्यात पट्टीवर दोनदा चमकायला लागलं. दोन तुकडे. पण 'पाळी संपली, घरी जा' हेसुद्धा दोनच तुकडे होतात, आणि माझ्या वाक्याचेही दोनच. फिरत्या रेकॉर्डवर अक्षर वाचता येत नाही. मी मान वाकडी केली, पुढं सरकले, गुडघ्यावर आले.

वर बघितलं तर दादाचेही डोळे उघडे होते. तो माझ्याकडं बघत होता.

त्यानं रेकॉर्ड उचलली, पाकिटात घातली आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं. "आवाज चांगलाय," एवढंच म्हणाला.

मग मार्च गेला. माझं जेवण कमी झालं. आई म्हणायची, पोरगी प्रेमात पडलीय. मी तेव्हा मनात एकच हिशोब करत होते: एका रेकॉर्डवर 'सुमेध चोर' कंपासच्या टोकानं ओरखडून टाकायला किती वेळ लागेल. पट्टीवर गाणं नसतं, त्यामुळं आवाज बिघडणार नाही. घरी पप्पांच्या जुन्या भजनाच्या रेकॉर्डवर करून बघितलं. अर्धं मिनिट लागलं. तीनशेला अडीच तास. शनिवारी रेकॉर्ड येणार, रविवारी अकराला शेडमध्येच कार्यक्रम, कोल्हापूर, सांगली, पुण्याहून माणसं येणार. रेकॉर्ड कव्हरात घालायचं काम माझंच होतं. दादा आणि मुबीन स्पीकर आणायला गेले की अडीच तास मिळतील, असा सगळा बेत होता.

तर तो शनिवार. सहावा खोका आत आला, टेम्पो गेला. मी पहिल्या खोक्यावरची चिकटपट्टी कापली. हात गार आणि स्थिर होते, पण रागानं नाही. वरची रेकॉर्ड काढणार, तेवढ्यात मुबीन माझ्या खांद्यावरनं वाकला. म्हणाला, मला बघू दे, चार वर्षं घाम गाळलाय ह्याच्यासाठी.

"तू स्पीकर आणायला जा," मी म्हटलं.

"स्पीकर दुपारी मिळणारेत. सरक."

मी सरकले नाही. तो खोक्यात हात घालायला लागला आणि मी त्याच्या हातावर चापट मारली, चांगली जोरात. तो बघतच राहिला. म्हणाला, ही चावेल आता.

"मुबीन," दादानं मागनं हाक मारली. "बाळूकडनं चहा सांगून ये."

"फोन कर की त्याला."

"जाऊन सांग म्हटलं ना."

मुबीन हात चोळत बाहेर गेला. दादा खोक्यापाशी आला, उकिडवा बसला, वरची रेकॉर्ड कडांना धरून अलगद बाहेर काढली आणि माझ्यापुढं धरली.

"घे. तूच बघ पहिल्यांदा."

मी घेतली नाही.

"घे गं. पत्र्यातनं उजेड येतोय तिकडं तिरकी धर."

शेडच्या पत्र्यात एक काचेचा तुकडा बसवलेला आहे, मागांवर उजेड पडावा म्हणून. त्याच्या खाली जाऊन उभी राहिले. पहिली बाजू धरली. 'कांडी बदला.' माझंच अक्षर, सुईएवढं बारीक. रेकॉर्ड उलटी केली.

'कव्हर माझं.'

माझा झ असा आहे की त्याची शेपटी मी आत वळवते, दुसरं कुणी वळवत नाही. त्या परदेशातल्या माणसानं ती पण वळवली होती. मी डोळे मिटले. मग म्हटलं आता बघूनच टाकू, आणि रेकॉर्ड हळूहळू फिरवली, पट्टीच्या पलीकडच्या बाजूपर्यंत.

तिथं वेगळं अक्षर होतं. वाकडं, वर चढत गेलेलं, चिखलातनं कोंबडी गेल्यासारखं.

'हो, तुझंच.'

एवढंच. मी परत फिरवून बघितलं. सगळी पट्टी बघितली. सुमेध कुठं नव्हता, चोर कुठं नव्हता. मी तिथंच, ताडपत्री टाकून ठेवलेल्या मागाला टेकून खाली बसले. दादानं आधी माझ्या हातातनं रेकॉर्ड काढून घेतली.

"पडलीस तर पड," तो म्हणाला. "ही फुटायला नको."

मी विचारलं, कधी.

दुसऱ्याच दिवशी, तो म्हणाला. कारखान्याच्या माणसानं उलट विचारलं होतं की कापायच्या आधी दोन्ही चित्रं एकदा बघून सांगा, आम्हाला वाचता येत नाही. दादानं उघडून बघितलं.

"लई राग आला," तो म्हणाला. "एक तास नुसता शेडमध्ये फेऱ्या मारल्या. म्हटलं, तुझ्या घरी येतो आणि पप्पांसमोर विचारतो. मग म्हटलं, आधी बघू तरी, पोरगी असं का म्हणते. आतल्या कागदाची फाईल काढली. शिवू, मी चहावाल्याचं नाव घातलं होतं. तुझं नव्हतं. मुद्दाम नाही. तू रोज समोर असायचीस, म्हणून डोक्यातच आलं नाही. ते जास्त वाईट वाटलं मला."

तेव्हा मला कळलं. मी मंगळवारी बघितला तो कागद अर्धवट नव्हता. तो पुरा होता. माझं नाव त्यावर माझ्या शिवीमुळं आलं होतं.

आणि मग, मी काय करणार, मला राग आला.

"चार महिने," मी म्हटलं. "चार महिने मी जेवले नाही नीट. तुला माहीत होतं आणि तू बोलला नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबलो."

"मी नसते बोलले कधी."

"ते पण कळलं मला," तो म्हणाला. "नमुना ऐकताना. सगळ्यांचे डोळे मिटलेले आणि तू घारीसारखी." मग त्याचं लक्ष माझ्या हाताकडं गेलं. कंपास मी कधी बाहेर काढला ते माझं मलाच माहीत नव्हतं. "हे कशाला आणलंस?"

"खोडायला."

"तीनशे?"

"अडीच तास लागले असते."

दादा आधी हसला नाही. त्यानं खोक्यांकडं बघितलं, कंपासकडं बघितलं, आणि मग जो हसायला लागला तो जमिनीवरच बसला. मी पण हसले, नाकातनं पाणी येईपर्यंत. मुबीन बाळूला घेऊन आला तेव्हा आम्ही दोघं मागाला टेकून बसलो होतो. तो म्हणाला, काय झालं? दादा म्हणाला, काही नाही, ही सांगतेय की तुझा हात तोडला तर ड्रम कोण वाजवणार. मुबीन म्हणाला, हसायला काय झालं त्यात.

दुपारी ते दोघं स्पीकर आणायला गेले. मी एकटी बसून तीनशे रेकॉर्ड कव्हरात घातल्या, आतला कागद घातला. पोटात भूक लागली होती, चार महिन्यांची. आईनं दिलेला डबा पुरला नाही, मुबीनचा पण खाल्ला.

मध्येच कुठंतरी, दीडशेच्या आसपास, मी एक रेकॉर्ड बाहेर काढली. कंपास घेतला. 'हो, तुझंच'च्या खाली थोडी जागा होती. तिथं मी अगदी बारीक दोन शब्द कोरले. वाटलं होतं की ही दादाच्या हातात द्यायची. स्पीकरचा टेम्पो वाजला आणि माझा हात आपोआप चालला, रेकॉर्ड कव्हरात, कव्हर गठ्ठ्यात, गठ्ठा टेबलावर. रविवारी माणसं आली, नाचली, पत्रा थडथडला, गल्लीतल्या बायका दारातनं बघून गेल्या. शर्ट संपले, पिशव्या संपल्या. रेकॉर्ड घेणारा प्रत्येक जण आधी उजेडात तिरकी धरायचा आणि विचारायचा, हे कुणाचं अक्षर? मी दरवेळी सांगितलं. ती एक रेकॉर्ड कुठल्या पिशवीतनं कुठं गेली ते मला कळलं नाही.

ह्याला तीन वर्षं झाली. धोट्याच्या आता सात रेकॉर्ड निघाल्यात. सगळ्यांची पट्टी मीच लिहिते. पाठवायच्या आधी दादा दोनदा वाचतो.

परवा दुपारी मी नारिंगी शाई मिसळत होते, तर दादा मोबाईल घेऊन आला. नागपूरच्या कुणाचातरी मेसेज होता. त्यानं जुन्यात 'कांडी संपली' विकत घेतलीय, म्हणे. बाकी सगळं छान आहे, पण पट्टीवर दोन जादा शब्द ओरखडलेले दिसतायत, इंटरनेटवरच्या फोटोंत ते कुठंच नाहीत. डिफेक्ट आहे का? खाली त्यानं मोठा करून फोटो जोडला होता.

'माझं चुकलं.' झची शेपटी आत वळवलेली.

दादानं मोबाईल माझ्यापुढं धरला. "हा डिफेक्ट कुणाचा?"

मी शाई ढवळत राहिले. कान तापले होते, पण हात थांबला नाही.

"नागपूरला काय कळवू?"

"सांग की डिफेक्ट नाही," मी म्हटलं. "तसली एकच आहे. जपून ठेव म्हणावं."

त्यानं जसंच्या तसं टाईप केलं, पाठवलं, मोबाईल खिशात घातला. जाता जाता माझ्या डोक्यावर टपली मारली, डब्याच्या कडेची शाई लागलेल्या हातानंच. केसात अजून नारिंगी आहे.